पोर्ट, रीमेक आणि मधली कल्हई

प्रश्न असा आलाय की जुन्या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा पूर्ण रीमेक (म्हणजे गेम नव्याने घडवणं) व्हावा की साधा पोर्ट (म्हणजे तोच गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असा करणं) पुरे, यावर दोन मित्रांचा वाद चालला होता, त्यात एकाने रीमेकला ‘जीर्णोद्धार’ म्हटलं आणि दुसरा खवळला, जीर्णोद्धार देवळाचा होतो, गेमचा कुठला. तर बरोबर कोण, आणि पोर्टला मराठीत काय म्हणायचं?

आधी एक सांगतो, सगळ्यालाच ‘रीमेक’ म्हणायची जी खोड लागलीय ना लोकांना, ती ऐकून कान किटलेत. जुनाच गेम, जुनाच कोड, फक्त चित्र जरा स्वच्छ केलंय आणि रुंद स्क्रीनवर बसवलंय, की लगेच ‘रीमेक आला रे’. नाही आला. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’चंच बघा, २००५ ला प्लेस्टेशन २ वर आला, २०११ ला प्लेस्टेशन ३ साठी त्याची एचडी आवृत्ती निघाली, आणि २०१८ ला प्लेस्टेशन ४ साठी सगळी दृश्यं नव्याने घडवून रीमेक झाला. गंमत म्हणजे २०११ चं आणि २०१८ चं काम एकाच स्टुडिओचं, ब्लूपॉइंटचं. त्यांना दोन्हीतला फरक कळत होता, आपल्याला का कळू नये?

रीमेक या शब्दात फोड करून सांगण्यासारखं काही नाही, पुढे जाऊ. पोर्टमध्ये मात्र मजा आहे. कोणी त्याला सरळ ‘बंदर’ करून टाकतात, आणि कोणी तावातावाने सांगतात की बंदराशी याचा काडीचा संबंध नाही. दोघेही अर्धवट. गेम पोर्ट करणं हे ‘पोर्टेबल’वरून आलं, म्हणजे लॅटिन ‘पोर्तारे’, वाहून नेणे. बंदराचा पोर्ट हा लॅटिन ‘पोर्तुस’. शब्द दोन, पण खोलात गेलं की मूळ एकच, पलीकडे जाणं-नेणं या अर्थाचं, आणि त्याच मुळाचं संस्कृतातलं पोर म्हणजे आपला ‘पार’. नदीपार जाणं, कार्य पार पाडणं, त्यातला पार. म्हणजे गेम पोर्ट केला म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर पार नेला! शब्द घरातच बसलेला होता आणि आपण बंदरावर शोधतोय.

आणि पोर्टला ‘साधा’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मुळात १९८९ चा, ॲपल टू या जुन्या संगणकावरचा. आपल्याकडे काळ्या डॉस स्क्रीनवर बसून ज्यांनी तो खेळला आणि ‘आम्ही ओरिजिनल खेळलोय’ म्हणून मिरवतात, ते १९९० चा पोर्ट खेळले होते. सुपर निन्टेन्डोवर गेला तेव्हा तर त्याच्या लेव्हल वाढून २० झाल्या आणि राजकन्येला सोडवायची मुदत एका तासाची दोन तास झाली. याला साधं म्हणायचं?

आता पार नेणं आणि नव्याने बांधणं यांच्या मधलं जे आहे, ज्याला ‘रीमास्टर’ म्हणतात. हा शब्द गाण्यांच्या धंद्यातून उचललाय, तिथे मास्टर म्हणजे मूळ ध्वनिफीत, जिच्यावरून बाकीच्या प्रती निघायच्या. मग मराठीत का ओढायचा तो शब्द? मराठीत याला तयार शब्द आहे आणि तो मी कधीपासून सांगतोय, कोणी ऐकत नाही, पुन्हा सांगतो: कल्हई. भांडं तेच, घाट तोच, कल्हईवाला भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो, बोळ्याने पुसतो, पांढरा धूर निघतो आणि भांडं परत वापरात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. जुना गेमही नव्या मशीनवर अगदी तसाच कळकतो. जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतला ‘सॅन अँड्रियास’ पीसीवर फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याचा लगाम, काढून पळवून बघा, पोहण्याचं, गाडीचं गणित सगळं बिघडतं, कारण ते संथ फ्रेम धरून बेतलेलं. याला नवं भांडं लागत नाही, कल्हई लागते.

आणि हा कल्हई शब्द आलाय कुठून, तर अरबीतून. तिथे ‘क़लई’ म्हणजे चक्क कथील हा धातू. पण धातूला हे नाव का? एक मत असं की ‘क़लआ’ म्हणजे किल्ला, आपला किल्ला त्याच शब्दातला, म्हणून हे किल्ल्याचं कथील. अहो, किल्ल्याचा आणि कथलाचा काय संबंध? हे म्हणणाऱ्यांची मुख्य भिस्त अक्षरं जुळतात यावर. दुसरं मत हॉब्सन-जॉब्सन या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या इकडच्या शब्दांच्या कोशात १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी मांडलंय, की जुने अरब भूगोलकार मलायाच्या बाजूला ‘कलाह’ नावाचं ठिकाण सांगतात, त्याच्याजवळ कथलाच्या खाणी सांगतात, नाव कदाचित त्याचं असेल. पहिलं आणि शेवटचं अक्षर जुळत नाही हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय, आणि किल्लेवाले नेमकं तेवढंच धरून बसतात. पण परक्या गावाचं नाव कानावर पडेल तसं लिहिलं जाताना अक्षर इकडचं तिकडे होणारच. आपण इंग्रजांना शिव्या घालतो ना, ठाण्याचं ‘टॅना’ केलं म्हणून? मग अरबांनी का करू नये? बरेच अभ्यासक कलाह म्हणजे आजच्या मलेशियातलं केदाह मानतात. कथील तिथलं, जहाजं तिथून सुटायची, माल पश्चिमेकडे जायचा, पोर्तुगीजांनीसुद्धा कथलाला ‘कलाईं’ म्हटलं. मला तर हेच जास्त पटतं, पण पक्कं कोणी सांगू शकत नाही. म्हणजे बघा, पोर्टचं भाषांतर बंदर करू नका म्हणून मी ओरडतो आणि कल्हईचं मूळ शोधायला गेलो तर निघतं बहुधा बंदरच!

याच्यावरून आठवलं, ‘पितळ उघडं पडणे’. सगळे सांगतात की हा सोन्याच्या मुलाम्याचा वाक्प्रचार आहे, सोनं निघालं आणि खाली पितळ दिसलं. असेल. पण सोन्याचा मुलामा किती घरांत होता हो? कल्हई घरोघरी होती, आणि ती उडाली की पितळ उघडं पडलेलं रोज चुलीवर दिसत होतं. वाक्प्रचार स्वयंपाकघरातून येतात, सराफाच्या पेढीवरून नाही. कोशकार पुरुष होते, त्यांना कुठलं दिसणार (हे माझं मत, पटत नसेल तर सोडा).

वाईट कल्हईचं उदाहरण म्हणजे २०२१ ला निघालेली जीटीएच्या तीन जुन्या गेमची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, त्यात आपल्याकडे सायबर कॅफेत पोरांनी घासून घासून खेळलेला ‘व्हाइस सिटी’सुद्धा आला. ‘सॅन अँड्रियास’मध्ये जुन्या मशीनला लांबचं दाखवायची ताकद नव्हती म्हणून धुरकट हवा ठेवली होती, आणि त्यानेच तो नकाशा अफाट वाटायचा. नव्यात धुकं काढलं, डोंगरावर चढलं की अख्खं राज्य हाताच्या अंतरावर. अक्षरशः पितळ उघडं. ‘सायलेंट हिल’च्या २०१२ च्या एचडी संचात पण धुक्याचाच घोळ, तिथे तर काम करणाऱ्यांच्या हाती शेवटचा, पूर्ण झालेला सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्रामसुद्धा नव्हता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरचं नशीब चांगलं, ‘प्रिन्स’चा हरवलेला सोर्स कोड २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्यांवर सापडला. सगळ्यांचे वडील असे खोकी जपून ठेवत नाहीत.

हां, जीर्णोद्धार राहिलाच. जो खवळला तो चूक. शब्दात देऊळ कुठेच नाही, ‘जीर्ण’ आणि ‘उद्धार’ एवढंच आहे, उद्धार म्हणजे वर उचलून काढणं. आणि शुद्धतावादी जे म्हणतात की जीर्णोद्धार म्हणजे फक्त डागडुजी, नवं बांधलं तर तो शब्द चालणार नाही, त्यांनी अग्निपुराण उघडावं. तिथे जीर्णोद्धाराचा विधी दिलाय, त्यात जीर्ण मूर्ती काढून तिच्या जागी नवी बसवायची असं आहे. काशी विश्वेश्वराचं अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं देऊळ नवंच होतं, तरी सगळे त्याला जीर्णोद्धारच म्हणतात. तेव्हा ‘रेसिडेंट ईव्हिल २’, १९९८ चा जागच्या जागी खिळलेल्या कॅमेऱ्याचा गेम, २०१९ मध्ये खांद्यामागच्या कॅमेऱ्याने मुळापासून परत बांधला, त्याला जीर्णोद्धार खुशाल म्हणा, शब्द शोभतो. ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या २०२० च्या रीमेकला मात्र मी म्हणणार नाही, मूळ १९९७ च्या गेममधला एका शहराचाच भाग घेतला आणि कथेतही फिरवाफिरव केली, तो शेजारी बांधलेला नवा वाडा आहे. चांगला आहे, पण नवा आहे.

पण त्या विधीत अजून एक गोष्ट आहे. काढलेली मूर्ती लाकडाची असेल तर जाळायची, दगडाची असेल तर पाण्यात सोडायची. गेमच्या बाबतीत मला खटकतं ते हेच. जीटीएचं नवं यायच्या आधी जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले, म्हणजे पाण्यातच सोडले, मग लोकांनी बोंब मारल्यावर कंपनीने माफी मागून पीसीवर परत आणले. अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली तर २०१० च्या आधीचे तिथले ८७ टक्के गेम बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. त्यामुळे रीमेक की पोर्ट असं मला कोणी विचारलं तर आधी जुना गेम नीट पार न्या, कळकत असेल तर कल्हई करा, आणि मग हौस, पैसा आणि माणसं असतील तर जीर्णोद्धार. ही हौस स्वस्त नसते हे आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना विचारा, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याच मालिकेतल्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता, ट्रेलर बघून लोकांनी चित्रांना नावं ठेवली, तारखा पुढे गेल्या आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं.

आणि मित्राला सांगा, जीर्णोद्धार लिहिताना ‘द’ आधी, ‘ध’ नंतर. ‘ध्द’ नाही. उद् आणि हार मिळून उद्धार होतो, त्यातला ‘द’ उद्‌चा आहे, तो मागे जाऊच शकत नाही. अर्ध्या महाराष्ट्रातल्या देणगीच्या पाट्यांवर चुकलंय ते.