सेफ कॉलेज कोणतं तेवढं सांगा मॅडम

"रँकिंग, फी, स्कॉलरशिप ते सगळं तुम्ही बघा मॅडम, मला फक्त एकच सांगा, अमेरिकेत आमच्या मुलीसाठी सेफ कॉलेज कोणतं?" बाबा खुर्चीत नीट बसलेही नव्हते अजून. मुलगी शेजारी मोबाईलमधे डोकं घालून, आणि आजी पिशवी मांडीवर धरून.

ठाण्यातलं बेने इस्राएल कुटुंब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आपले कोकणातले ज्यू, एकेकाळी शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनवार तेली म्हणायचे, आडनावं पेणकर, दिवेकर, चेऊलकर अशी गावावरून, आणि घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी. लिहायची परवानगी मागितली तेव्हा मुलगी म्हणाली नाव बदला आणि शिरा लिहा, हिब्रूत शिरा म्हणजे कविता. मी म्हटलं अगं लोक हसतील, तर म्हणे हसू देत, आजीला आवडेल.

मी परदेशी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी मुलांना मार्गदर्शन करते, तर हा प्रश्न मला हल्ली बरेचदा येतो, ऑक्टोबर २०२३ मधे हमासचा हल्ला झाला आणि गाझाचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून जास्तच. बाबांच्या मनात काय होतं ते कळत होतं. एप्रिल २०२४ मधे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॉनवर गाझा युद्धाविरुद्ध आंदोलनाचे तंबू लागले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं, त्यात इस्रायलमधे अश्दोदला राहणारे काका रोज फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकणार, आणि इथे सिनेगॉगबाहेर पोलीस बसतो तो २६/११ ला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासूनचा. बाबा म्हणाले, "इथे जन्म गेला आमचा, आम्हाला ज्यू म्हणून कोणी वाकडं बोललं नाही. आणि आता पोरीला पैसे भरून तिकडे पाठवायचं?" पुढे हळूच, "फॉर्मवर धर्म लिहायलाच पाहिजे का?"

नाही, लिहायलाच पाहिजे असं नाही, कॉमन ॲपमधे, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, तो प्रश्न ऐच्छिक असतो. पण शिराने मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, बाबा मग मी चार वर्षं लपून राहू का. खरा प्रश्न तिथे टेबलावर आला असं मला वाटतं.

माझी चूक आधी सांगते. मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडली, कॉलेजांच्या यादीत हिलेल (ज्यू विद्यार्थ्यांची संस्था) आहे का, खबाद (ज्यू धार्मिक चळवळीचं केंद्र) आहे का, कोशेर म्हणजे ज्यू नियमांप्रमाणे जेवण देणारी मेस आहे का असे कॉलम टाकले, वर ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणारी एडीएल नावाची अमेरिकन संस्था २०२४ पासून कॉलेजं ज्यूद्वेष कसा हाताळतात यावरून त्यांना ए ते एफ ग्रेड देते ते ग्रेडही भरले आणि बाबांना मेल केलं. बाबा खूश. दुसऱ्या दिवशी फोन, ब्रँडाइस विद्यापीठाला ए आहे, १९४८ मधे ज्यू समाजानेच काढलंय, विषय संपला! विषय कसला संपला, शिराला केमिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि तिथे ते नाहीच. शिवाय माझा कॉलम तसा निरुपयोगीच होता, कारण हिलेल १९२३ मधे इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली ती आता शेकडो कॅम्पसवर आहे, त्यामुळे "हिलेल आहे" यावरून फारसं काहीच कळत नाही. आणि ग्रेड वाईट गोष्ट नाही, कॉलेजने नियम काय केले, तक्रारीवर काय केलं हे त्यातून थोडंफार दिसतं, पण हॉस्टेलच्या पॅसेजमधे रात्री अकरा वाजता कोण काय बोलतं ते ग्रेडमधे कुठून येणार.

मग यादी बाजूला ठेवली आणि आजींना विचारलं, आजी तुम्हाला कसली काळजी वाटते? आजी म्हणाल्या, "दारफळणीच्या सणाला हिची परीक्षा असली तर?" दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, कडक उपासाचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे येतो, म्हणजे बरोबर पहिल्या मिडटर्मच्या आसपास. आणि दुसरं म्हणाल्या, "मलिद्याला पोहे मिळतात का तिकडे?" (मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचं ताट, ओलं खोबरं, सुकामेवा, फळं, बेने इस्राएल घरात शुभकार्य असलं की होतंच.)

मला वाटतं अख्ख्या मीटिंगमधे सगळ्यात कामाचे प्रश्न हेच दोन. सेफ आहे का असं विचारलं की कुठलंही कॉलेज हो म्हणणार, कोण नाही म्हणेल. पण "या तारखेला माझी परीक्षा आली तर कोणाला, किती दिवस आधी सांगायचं, आणि गेल्या वर्षी असं कोणाचं झालं होतं का" असं विचारलं की खरं काय ते कळतं. शिराने सहा कॉलेजांना मेल लिहिलं, ॲडमिशन ऑफिसला वेगळं आणि हिलेलला वेगळं. त्यात हेही विचारलं की कॅम्पसवर आंदोलन चालू होतं तेव्हा तुमचे विद्यार्थी वर्गाला जात होते का, आणि इस्रायलबद्दल ज्यांची मतं एकमेकांशी पटत नाहीत अशी मुलं शुक्रवारी संध्याकाळी एका टेबलावर जेवतात का. हा शेवटचा प्रश्न तिचाच, मला सुचला नसता.

एका मोठ्या नावाच्या कॉलेजकडून अकरा दिवसांनी ब्रोशरची लिंक आली, बस. दोन ठिकाणांहून काहीच नाही. एका ठिकाणच्या थर्ड इयरच्या मुलीने मात्र चक्क व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे नऊ, इकडे सकाळचे साडेसहा, आणि मोबाईल हातात घेऊन हॉस्टेलपासून हिलेलपर्यंत चालत दाखवलं, सात मिनिटं लागली. मेसमधे दूध-मटणाची भांडी वेगळी ठेवतात ती दाखवली. मोर्चे झाले तेव्हा दोन आठवडे फार वाईट गेले, रूममेट बोलायची बंद झाली होती हेही सांगितलं. बाबा मागे चहा घेऊन ऐकत होते. आणि मग ती मुलगी सहज म्हणाली, अच्छा तू इंडियन आहेस, मग तुमच्या घरातलं कोण कन्व्हर्ट झालं?

शिरा त्यादिवशी माझ्याकडे आली ती रडकुंडीलाच. म्हणे बाहेरचे लोक ज्यू म्हणून त्रास देतील म्हणून आपण सगळी तयारी केली आणि हे आपलेच विचारतात. खरं सांगते, हे माझ्या एक्सेलच्या कुठल्याच कॉलममधे नव्हतं. आजी मात्र शांत. म्हणाल्या, "माझ्या भावाला इस्रायलमधे हेच विचारलं होतं." साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलींच्या लग्नाआधी वंशाची चौकशी लावली होती, जेरुसलेममधे आपल्या लोकांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मधे तिथल्या संसदेने स्पष्ट केलं की हे इतरांसारखेच पूर्ण ज्यू आहेत. आजींच्या भावाने तेव्हा बायकोला मराठीतून पत्र लिहिलं होतं म्हणे, "आम्ही आहोत ते आहोत."

दुसऱ्या दिवशी शिराने त्या मुलीला लांबलचक मेसेज टाकला, पूर्वजांचं जहाज फुटलं असं सांगतात त्या कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यापासून सगळं. तिने सॉरी म्हटलं आणि इराणी ज्यू घरातल्या एका मुलीचा नंबर दिला, की हिलाही हेच विचारतात, हिच्याशी बोल. आता हा सपोर्ट म्हणायचा की नाही? मी तर म्हणेन. चुकणार नाहीत असे लोक कुठे सापडतात, चुकल्यावर फोन बंद करतात का एवढंच बघायचं.

बाबांसाठी एक गोष्ट कागदावर लिहून दिली. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात टायटल सिक्स म्हणून भाग आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला वंश किंवा मूळ देश यावरून होणारा छळ चालू देता येत नाही. त्यात धर्म हा शब्द नाही, पण समान वंश-परंपरा या मुद्द्यावर ज्यू विद्यार्थ्यांना तो लागू होतो. तक्रार आधी कॉलेजच्या ऑफिसात, नाहीच ऐकलं तर शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे, साधारण १८० दिवसांच्या आत. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ त्याच दिवशी लिहून ठेवायची, नंतर आठवत नाही. बाबांनी तो कागद लॅमिनेट करून आणला, काय बोलणार.

शिरा त्या सात मिनिटंवाल्या कॉलेजलाच गेली. पहिल्याच सेमिस्टरला योम किप्पूरच्या दिवशी केमिस्ट्रीची क्विझ निघाली, प्रोफेसरांच्या लक्षातच नव्हतं, हिने तीन आठवडे आधी मेल केलेलं दाखवलं आणि सोमवारी वेगळी दिली. सगळं गोड चाललंय असं नाही, नोव्हेंबरात तिच्या मजल्यावर कोणीतरी बोर्डावर घाणेरडं लिहिलं होतं, तक्रार केलीये, अजून उत्तर आलेलं नाही, ती दर सोमवारी मेल करते.

आजींचा फोन परवा आला. पोहे मिळाले म्हणे, पटेल ब्रदर्स या तिकडच्या भारतीय किराणा दुकानात, पण पोरीने पातळ आणले, भिजवल्यावर त्याचा लगदा झाला.