अँटेनाची तार पुढे कुठेच जोडलेली नसते, मग तिच्यात वीज वाहते कशी?

तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. अकरावीत त्याला शिकवलंय की सर्किट पूर्ण झालं तरच वीज वाहते, आणि घरातल्या राउटरची दांडी तर हवेतच संपते. मग त्या दांडीत वाहतं काय, आणि मध्ये तार नसताना ते दुसऱ्या खोलीतल्या मोबाइलपर्यंत जातं कसं, असं त्याने तुम्हाला विचारलं. मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर रेडिओवर बोलण्याचा, परवाना आहे आणि बरीच वर्षं अँटेना घरीच बनवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याला शिकवलेला नियम बरोबरच आहे, पण तो सेलवरच्या सर्किटचा आहे. सेल वीज एकाच दिशेने ढकलतो, त्यामुळे तार तुटलेली असली की मामला तिथेच थांबतो. ट्रान्समीटर मात्र सेकंदाला लाखो, कोट्यवधी वेळा दिशा बदलतो.

एका मोठ्या टपात पाणी भरा आणि तळहाताने एका बाजूला ढकला. पाणी त्या काठावर चढतं, क्षणभर थांबतं, मागे फिरतं आणि समोरच्या काठावर चढतं. टपाबाहेर थेंबही गेलेला नसतो, तरी मधोमध बोट धरलं तर वाहतं पाणी बोटाला लागतं. अँटेनातले इलेक्ट्रॉन असेच हिंदकळतात. तारेच्या टोकाला प्रवाह शून्य असतो, मध्यावर सर्वांत जास्त. म्हणूनच साध्या डायपोल अँटेनाला केबल मधोमध जोडतात: एक वायर डाव्या बाहूला, एक उजव्या. तुमच्या मुलाला हवं असलेलं ‘दुसरं टोक’ म्हणजे हा दुसरा बाहू. राउटरच्या दांडीतही तो असतो, प्लॅस्टिकच्या आत झाकलेला.

आता टपाकडे पुन्हा बघा. भलत्याच वेगाने हात हलवला तर पाणी नुसतं डुचमळतं. टपाच्या लांबीला जुळणारा ठेका सापडला की थोड्या जोरातही पाणी काठावरून उसळतं. तारेलाही तिच्या लांबीनुसार असा एक ठेका असतो, आणि अँटेना बनवण्यातलं निम्मं काम तो जुळवण्याचं आहे. हिशोब सोपा आहे. सेकंदाला दहा लाख हेलकावे म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ. 300 ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागा, तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये येते. आकाशवाणी नाशिक 101.4 वर लागतं, म्हणजे तरंगलांबी 2.96 मीटर. डायपोलची पूर्ण लांबी त्याच्या निम्मी, 1.48 मीटर, म्हणजे प्रत्येक बाहू 74 सेंटिमीटर. प्रत्यक्षात तार चार-पाच टक्के आखूड कापावी लागते, म्हणून मी 70-71 सेंटिमीटरवर कात्री लावतो.

पण हिंदकळणं तारेत चाललंय, मग बाहेर काय जातं? दोरीचं एक टोक हातात धरून झटका द्या. हात जागेवर परत येतो, पण दोरीवरचा उंचवटा पुढे निघून गेलेला असतो. तारेतले इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले की भोवतालचं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र बदलतं, पण ती खबर सगळीकडे एका क्षणात पोचत नाही. ती प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटरने जाते. ती काही अंतर जाते न जाते तोच तारेत दिशा उलटलेली असते. मग आधी निघालेलं क्षेत्र तारेकडे परत येऊ शकत नाही, ते सुटून पुढे जात राहतं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने हे गणिताने 1865 मध्ये मांडलं होतं. मला आजही हे विलक्षण वाटतं, की या लाटेला पुढे जायला हवाही लागत नाही.

इथे मुलगा हमखास विचारेल की घरातली वीजही दिशा बदलते, मग भिंतीतली वायर अँटेना का होत नाही? घरातली वीज 50 हर्ट्‌झची. तिची तरंगलांबी निघते 6,000 किलोमीटर आणि अर्धी 3,000. भूगोलात भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3,214 किलोमीटर पाठ केलेली असेल. म्हणजे या विजेसाठी नीट अँटेना करायची तर साधारण काश्मीर ते कन्याकुमारी तार ताणावी लागेल. आपल्या घरातली वीस-पंचवीस मीटर वायर त्यापुढे काहीच नाही.

ऐकणाऱ्या बाजूला हेच सगळं उलट घडतं. आलेली लाट तारेतल्या इलेक्ट्रॉनांना हिंदकळवते आणि व्होल्टच्या दहालाखाव्या भागाएवढा इशारा तयार होतो. रेडिओ त्यातून हवा तो ठेका निवडतो आणि मोठा करतो. ही गोष्ट पहिल्यांदा दाखवली हाइनरिश हर्ट्‌झने, जर्मनीतल्या कार्ल्सरूहला, 1880 च्या दशकाच्या अखेरीला. त्याचा ‘रिसीव्हर’ म्हणजे तारेचं एक कडं, त्यात बारीकशी फट. सर्किट तुटलेलंच होतं. काही मीटरवर ठिणगी पाडली की या फटीतही इवलीशी ठिणगी पडायची, आणि ती बघायला तो खोलीत अंधार करायचा. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्या फटीत आहे.

एक माझ्या हातचं सांगतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून 145.800 मेगाहर्ट्‌झवर आवाजाच्या रूपात चित्रं पाठवतात. त्यासाठी मी मेजरिंग टेपची पोलादी पट्टी कापून पीव्हीसी पाइपवर तीन तुकडे बसवले. मधला साधारण मीटरभर, त्यालाच केबल. मागचा थोडा लांब, तो लाट पुढे परतवतो. पुढचा थोडा आखूड, तो तिला दिशा देतो. जपानमध्ये उडा आणि यागी यांनी 1926 मध्ये मांडलेली हीच रचना जुन्या टीव्हीच्या अँटेनात होती. पट्टीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही, त्यात माझी अख्खी दुपार गेली. पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर गेलो. स्थानक क्षितिजावर आलं आणि हातातल्या रेडिओतून शिट्ट्यांसारखा चिवचिवाट सुरू झाला. मोबाइल त्या रेडिओजवळ धरला, तर आवाजाचं चित्र करणाऱ्या ॲपमध्ये चित्र वरून खाली ओळीओळीने उमटू लागलं, दोनेक मिनिटांत पूर्ण झालं. मधेच अँटेना जराशी फिरली, तेवढ्या ओळींत नुसते ठिपके आहेत. ते चित्र मी जपून ठेवलंय.

चारशे किलोमीटर उंचीवरून हे येतं आणि राउटरचं मात्र दोन भिंतींपलीकडे येत नाही, कारण वर मध्ये काही आडवं नव्हतं. वायफायची लाट 2.4 गिगाहर्ट्‌झला साडेबारा सेंटिमीटरची. विटा, स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याची टाकी, सगळं तिला अडवतं. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना नाशिकचं एफएम खरखरू लागतं तेही डोंगर आडवा आल्यामुळेच. मीडियम वेव्हची लाट शेकडो मीटरची, ती डोंगराला बऱ्यापैकी वळसा घालते.

मुलाला करून बघायला द्या. मोबाइलमध्ये एफएम असेल तर तो इअरफोन लावल्याशिवाय चालत नाही, कारण इअरफोनची वायरच तिथे अँटेना असते. पण ओढायच्या दांडीचा छोटा रेडिओ मिळाला तर उत्तम. जोरात येणारं केंद्र नको, खरखरत येणारं घ्या. दांडी आधी पूर्ण बंद ठेवा, मग दहा-दहा सेंटिमीटर उघडत प्रत्येक वेळी आवाज ऐका आणि पट्टीने लांबी मोजून लिहा. मग पूर्ण उघडलेली दांडी आडवी करून ऐका. हातही बाजूला घेऊन बघा. हाताने रेडिओ धरला की शरीर दुसऱ्या बाहूचं थोडं काम करतं, त्यामुळे आवाज बदलतो. त्याची वही भरली की आकडे इथेच खाली टाका, मी बघतो.