केमो चालू आहे. बाजेवरून उठू की नको?

प्रश्न: मी ४२ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता दर २१ दिवसांनी नागपूरला केमो, तीन झाल्या. वेचणी सुरू आहे आणि मी बाजेवर. सासूबाई पाण्याचा गुंडही उचलू देत नाहीत. ‘उठशील तं उरलीसुरली ताकद जाईन,’ म्हणतात. पडून पडून मात्र जास्तच गळल्यासारखं वाटतं. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंचा जीव तुमच्यात अडकलाय, पण हा अंदाज त्यांचा चुकतोय. वावरातल्या मेहनतीचा थकवा झोपेनं उतरतो, केमोचा तसा उतरत नाही. पडून राहिलं की मांड्यांतली ताकद भराभर जाते. मग न्हाणीपर्यंत गेलं तरी धाप लागते, आणि धाप लागते म्हणून माणूस पुन्हा आडवा होतो. उपचार चालू असताना बेताचा व्यायाम केला तर हा थकवा कमी होतो. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं २०२२ मध्ये तशी शिफारसच केली आहे.

पण २१ दिवस सारखे नसतात. सलाईननंतरचे तीन-चार दिवस अंगणातच पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा चाला, पण आठवडी बाजार नको, गोठ्यातलं शेण नको. तिसऱ्या आठवड्यात पांदणीनं निघा. दहा मिनिटांपासून सुरुवात, रोज दोन मिनिटं वाढवत वीस-तीसपर्यंत. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. पायाची बोटं बधिर वाटत असतील तर बंद बूट घाला, ढेकळांतून जाऊ नका आणि रात्री तळवे पाहा. काटा रुतलेलाही कळत नाही.

एक दिवसाआड खुर्ची भिंतीला टेकवून उठा-बसा करा: आठ वेळा, दम खा, पुन्हा आठ. बाजेवर नको, ती मधे झोळते.

डाव्या हाताला जपायचं, पण तो बांधून ठेवल्यासारखा ठेवला तर खांदा आखडतो. भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवा, ताण जाणवला की पाच सेकंद थांबा, हळू उतरवा. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. वजनाचं सर्जनला विचारा. होकार आला तर अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून. गुंडाच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत, तो आत्ता नकोच.

वेचणीही यंदा सोडा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडे पाडतात. गाठी काढलेल्या बाजूला पाण्याचा निचरा कमी होतो, तिथं जंतू शिरले की हात सुजून लाल होतो.

पुढच्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट दाखवून विचारा. हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत व्यायाम थांबवा. ताप १००.४ वर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात फोन करून निघा. छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली किंवा पाय सुजले, तरी तसंच.

आणि चालायला सासूबाईंना सोबत न्या. फेरी संपल्यावर तुम्ही बोलत बोलत घरी येता, हे त्यांना स्वतः पाहू द्या.