अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नला आपल्या प्युरिटन (म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथातल्या) पूर्वजांची लाज वाटायची की अभिमान?

दोन्ही, आणि तेही जवळजवळ एकाच पानावर. त्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न १६९२ च्या, अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटकीण खटल्यांत दंडाधिकारी होता. आरोपी सारा गुडला त्याने विचारलेला प्रश्न बघा: ‘या मुलांना का छळतेस?’ छळतेस का, हे विचारायची गरजच वाटली नाही! जॉनच्या बापाने तर क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथातल्या बाईला चाबकाचे फटके मारवले होते.

‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीच्या प्रस्तावनेत हॉथॉर्न या दोघांची लाज स्वतःच्या माथी घेतो, घराण्याला शाप असेल तर तो टळो म्हणतो. आणि लगेच हेच म्हातारे त्याला नाक मुरडताना दिसतात: गोष्टी लिहितो? हा कसला धंदा, त्यापेक्षा फिडल वाजवत बसला असता! वर आपल्या स्वभावात त्यांचेच धागे विणलेत, हेही तो कबूल करतो. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पापाचा, अपराधाचा पिच्छा न सोडणं हे त्याने त्यांच्याकडूनच घेतलं. फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठून तो कादंबरीतल्या हेस्टरशेजारी, व्यभिचारासाठी शिक्षा झालेल्या नायिकेशेजारी, जाऊन उभा राहिला.

आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याने ‘w’ हे एक अक्षर वाढवलं ते पूर्वजांपासून लांब जायला, असं सर्रास सांगतात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं.