तांदळाचा डबा माळ्यावर

कराडहून एका सासूबाईंचं तीन पानी पत्र आलंय. सून आळशी आहे. दुपारी झोपते, चिडचिड करते, गच्चीवर वाळवण न्यायला सांगितलं तर मधल्या पायरीवर बसकण मारते. दीड वर्षाच्या नातवाचं सगळं यांनाच बघावं लागतं, मुलगा बायकोची बाजू घेतो. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता : "त्यात ही कच्चे तांदूळ मुठीमुठीने खाते. लग्नात पाऊस पडला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. शेवटी डबा माळ्यावर ठेवला."

ताई, तुमची अडीच पानं मी बाजूला ठेवली. मला तो डबा दिसतोय.

कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती, फ्रीजमधला बर्फ. या खाण्याला डॉक्टर पायका म्हणतात, आणि अंगातलं लोह संपत आलेल्या बाईला असले डोहाळे बाळंतपणानंतरही लागतात. पायरीवर ती बसते, कारण तिला धाप लागते. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी पडत असेल, तर पाय उचलायचे कुठून? दिवस गेलेले असताना ते साडेआठ होतं, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ११ हवं होतं, आता १२ हवं. "गोळ्यांनी संडासला काळं होतं म्हणून बंद केल्या", हेही तुमचंच वाक्य. काळं होणारच, ते लोह आहे! तपासणीत हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावरही त्या गोळ्या तीनेक महिने चालू ठेवतात, कारण अंगातला साठा भरायचा असतो. तुम्ही त्या महिन्याभरात थांबवल्या.

बीट नि गूळ देऊन बघितला, म्हणता. बीट लाल असतं, एवढंच. (माझ्या आजीनेही मला वर्षभर बीट चारलं होतं.)

गोळ्याही आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. रक्त कमी असण्याची कारणं एक नाहीत. तुमच्या घरात मांसमच्छी नाही, तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असू शकतं. त्यात रक्तपेशी मोठ्या होतात. लोह कमी असेल तर त्या बारीक होतात. थॅलेसेमिया मायनरमध्येही बारीकच दिसतात, पण तो आईवडिलांकडून आलेला असतो, लोहाच्या गोळीने हलत नाही, आणि तो निघाला तर तुमच्या मुलाचंही रक्त तपासावं लागेल. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. ती तुम्हाला हे सांगते का?

उद्या सकाळी तुम्ही स्वतः, मुलाला न पाठवता, तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करायला सांगा. उपाशीपोटी राहायची गरज नाही, तिला खाऊ घालून न्या. गोळ्या लिहून मिळाल्या तर त्यांच्यावर लगेच चहा देऊ नका, लिंबूपाणी द्या.

आणि डबा माळ्यावरून खाली काढा. लोहच कमी निघालं तर औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांत ती त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.