सव्वादोन वर्षांच्या मुलाचा डायपर सोडवायचाय, तयारी कशी करावी?

जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होतोय, तिथे डायपर चालत नाही, आणि घरात 'आमची मुलं वर्षाच्या आत सांगायची' हे रोज ऐकावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

आज्या खोटं बोलत नाहीत. फक्त तेव्हा मूल सांगायचं नाही, आजी ओळखायची. झोपून उठलं, दूध प्यायलं की पायांवर घेऊन 'शूऽऽ' करायचं. शिवाय लंगोट ओला झाला की बाळाला लगेच गार लागायचं. आताचा डायपर सगळं शोषून घेतो, त्यामुळे आपण ओले झालोय हे पोराच्या लक्षातच येत नाही. म्हणून घरी असताना आतापासूनच थोडा वेळ सुती चड्डी घाला. इलॅस्टिकची, त्याची त्याला खाली ओढता येईल अशी. डंगरी कितीही गोड दिसली तरी सध्या कपाटात.

साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलं तयार होतात. दोन-दोन तास कोरडा राहतो का, ओलं झालं की कुरकुरतो का, 'चड्डी आण' म्हटलं की आणतो का, एवढं बघा. यातलं काहीच दिसत नसेल तर जून गाठायचा म्हणून हात धुऊन मागे लागू नका. शाळेशी बोला, जादा कपड्यांची पिशवी द्या.

आता ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते सांगते: पोट. शू मुलं लवकर शिकतात, घोडं अडतं शीपाशी. एकदा कडक शी होऊन दुखलं की पोरगं पुढच्या वेळी धरून ठेवतं. मग ती आणखी कडक होते, आणखी दुखते. पडद्यामागे जाऊन टाचा उचलून, पाय आवळून, लालबुंद तोंडाने उभं राहिलेलं मूल बघून आई म्हणते, 'जोर लावतोय.' बऱ्याचदा तो जोर शी बाहेर काढायला नसतो, आत रोखायला असतो. अशा वेळी पॉटवर बसवण्याचा हट्ट केला की पॉटशीच कायमचं वैर.

म्हणून आधी महिनाभर खाणं सुधारा. दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणारी आणि मधे मैद्याची बिस्किटं खाणारी मुलं हमखास कुंथतात. दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, पाणी वाढवा, पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी घातलेलं वरण द्या. तरीही शी कडक असेल, दुखून रडत असेल किंवा रक्त दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरच्या घरी साबणाची कांडी वगैरे अजिबात नको.

पॉट महागाचा, गाणी वाजवणारा नको. त्यावर मूल खेळतंच बसतं. पाय जमिनीला पूर्ण टेकतील असा बुटका बघा. कमोडवर बसवणार असाल तर छोटी सीट लावा आणि पायाखाली स्टूल ठेवा. लोंबकळत्या पायांनी नीट जोर लागत नाही. फ्लशच्या आवाजाला काही मुलं घाबरतात, तो बाहेर गेला की मग फ्लश करा. खाल्ल्यावर आतडी आपोआप हलू लागतात, म्हणून नाश्त्यानंतर पाच मिनिटं बसवायचं. झाली तर कौतुक, नाही झाली तर उठायचं. 'शी शी, घाण!' असं तोंड वाकडं करणाऱ्या काका-मावश्यांना मात्र आधीच गप्प करा.

सुरुवात एप्रिल-मेमध्येच करा, चड्ड्या तासाभरात वाळतात. पावसाळ्यात आमच्याकडे पंख्याखाली दोऱ्या बांधून मी थकते.

रात्रीचा डायपर इतक्यात काढू नका. रात्री कोरडं राहणं हे शिकवण्यावर फारसं नसतं, ते शरीराच्या वाढीवर असतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं चालतं.

आणि शाळेतल्या मावशींना त्याचे घरचे शब्द सांगून ठेवा. आमच्याकडे एक मुलगा शी आली की 'भू जायचंय' म्हणायचा, आणि आम्ही त्याला चपला घालून दारात उभं करायचो.