"मॅडम, सगळे माझ्याकडंच बघायलेत"

लातूरला शिकायला आलेल्या पोरांकडून हे वाक्य समुपदेशन करताना मी वर्षानुवर्षं ऐकतेय. गेल्या महिन्यात तर तीन आया हीच काळजी घेऊन आल्या. म्हणून एका मुलाची हकीगत सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

औसा तालुक्यातल्या गावचा मुलगा, 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा रिपीट करणारा. अभ्यासिकेत वर्षाचे पैसे भरलेले, पण जागा मधल्या रांगेत. मागच्यांची नजर मानेला टोचते म्हणून खोलीवरच बसायला लागला. वडिलांना वाटलं, पोरगं अभ्यासाचा कंटाळा करतंय.

"ते बघतात हे तुला कसं कळतं?"

"मी वळून बघतो नं. बघतच असतात."

"दिवसातून किती वेळा वळतोस?"

ते त्यानं मोजलं नव्हतं. म्हटलं, आठवडाभर अभ्यासिकेत बस, आणि वळलास की वहीत एक रेघ मार.

पुढच्या खेपेला जीवशास्त्राच्या वहीचं शेवटचं पान त्यानं माझ्यापुढं धरलं. निळ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. एका दुपारच्या 34.

"खुर्ची कसली आहे रे?"

"लोखंडी. हललं की करकरती." एवढं बोलून तो त्या पानाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी वळायलो म्हणून ते बघायलेत?"

मी काहीच बोलले नाही. असं उत्तर माणसाला स्वतःच्या तोंडून ऐकू द्यावं लागतं, आणि ते ऐकण्यासाठीच मी या कामात टिकून आहे.

थोड्या वेळानं विचारलं, "तुझ्या बरोब्बर मागं बसतो, त्याला चष्मा आहे का?"

त्याला सांगता येईना. दाढी? तेही नाही. 34 वेळा वळून त्यानं फक्त डोळे तेवढे आणले होते, चेहरा एकही नाही. तिथं मला उमगलं, की हा पोरगा बघतच नाहीये, नुसतं तपासतोय.

त्याच्या खुर्चीची गोष्ट जुनीच आहे. 1898 मध्ये टिचनर या मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलं होतं. पाठीमागून कुणी बघतंय असं वाटून आपण वळतो, त्या हालचालीनं मागच्याची नजर आपल्याकडं येते, आणि आपल्याला पुरावा मिळतो. डोळे नीट दिसत नसले, तर मेंदू 'माझ्याकडंच बघतोय' याच बाजूनं कौल देतो, असं सिडनीच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. हा काही वेडेपणा नाही, सगळ्यांचाच मेंदू तसा आहे. भीती असली की त्याला जोर चढतो.

आणखी एक प्रयोग मी प्रत्येक पालकाला सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला, 2000 साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्याजणांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाव जणांच्याही लक्षात आला नव्हता.

आधी वागणं बदलून बघावं, भूतकाळ मग उकरावा, या मताची मी आहे. त्याला एकच काम दिलं. वळायचंच असेल तर चोरून नको, सावकाश वळ आणि एका माणसाबद्दल एक गोष्ट घेऊन ये. शर्टाचा रंग, पेन कुठल्या हातात, काहीही.

घरच्यांनी "तुझ्याकडं बघायला कोण रिकामं आहे?" असं म्हणू नये. त्यानं पोरगं सांगायचंच बंद करतं. आणि मुलगी जर म्हणाली, पारावरचे लोक टक लावून बघतात, तर ते खरं धरा. तिथं तिला नव्हे, बघणाऱ्यांना बदलायचंय. 'माझ्याविरुद्ध कट चाललाय', 'आवाज येतात' असं कुणी सांगितलं, तर माझ्याकडं नको, थेट मनोविकारतज्ज्ञांकडं न्या.

तो पोरगा दर आठवड्याला माणसं आणू लागला. एक डावखुरा. एक तोंडावर पुस्तक ठेवून झोपणारा. एकाच्या डब्यात रोज तीच शेंगाचटणी. आणि महिन्याभरानं आत येतायेताच म्हणाला, "मॅडम, खिडकीजवळचा एक पोरगा सारखं मागं वळून बघायलाय. आज त्याला चहाला नेलतो."